ब्रेकचे पॅडल कडक का होते?

ढबू मिरची, टोमॅटो किंवा वांगी भरलेली पिकअप गाडी घेऊन आपल्यापैकी अनेकजण आंबा, फोंडा किंवा आंबोली घाट उतरून कोकणात, गोव्यात माल पोहोचवितात. शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, सपाट. येथील रस्त्यावर ब्रेकमधील दोष महिनोन् महिने खपून जातो. घाटात तो खपत नाही.

पॅडल दगडासारखे लागते, जोर करूनही गाडी लांब जाऊन थांबते, अशी तक्रार असली की प्रथम ब्रेक ऑइल ओतले जाते, नंतर लायनर बदलले जातात. हा खर्च बहुधा वाया जातो. ऑइल फार कमी झाले किंवा नळीत हवा शिरली तर पॅडल मऊ पडते व खाली जाते. कडक होणे हे निराळ्या दुखण्याचे लक्षण आहे.

बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूस थाळीसारखा गोल, काळा पत्र्याचा डबा दिसतो. तो ब्रेक बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो व इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पॅडल दाबताच मागच्या बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. ९ इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. डबा पूर्ण निर्वात कधीच होत नाही, तरीही अडीचशे किलोच्या घरात जोर आपल्या पायाच्या मदतीला येतो. ही मदत गेली की पॅडल कडक लागते.

नदीवरचा पंप चालविणाऱ्यांना यात नवीन काही नाही. सक्शन पाइपला बारीक छिद्र पडले तरी पंप पाणी सोडतो; फूट व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर पाइप रिकामा होतो. बूस्टरचेही तसेच आहे. नळी, झडप, ओढणारा पंप आणि डबा, एवढ्यातच दोष शोधावयाचा.

तपासणीस कोणतेही हत्यार लागत नाही. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला निर्वात संपून ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करावे. पॅडल पायाखाली थोडे खाली सरकले तर मदत मिळते आहे. जागचे हलले नाही तर दोष याच भागात आहे. नंतर मिनिटभर इंजिन चालवून बंद करावे व पाच मिनिटे थांबून पॅडल दाबावे. पहिल्या एक-दोन दाबांना ते हलके लागले पाहिजे. पहिलाच दाब कडक लागला तर कोठूनतरी हवा आत शिरते आहे.

दोष शोधताना स्वस्त वस्तूपासून सुरुवात करावी. बूस्टरला जोडलेली जाड रबरी नळी बोटांनी चाचपावी. पाचटाच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ती कुरतडतात. उन्हाने व इंजिनच्या उष्णतेने तिला चिरा पडतात. नळीच्या तोंडाशी किंवा मध्ये एकमार्गी झडप असते. ती काढून फुंकून पाहावी. बूस्टरच्या बाजूने फुंकर गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने जाता कामा नये.

पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढते. डिझेलला वेगळा पंप लागतो व अनेक पिकअप गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीस बसविलेला असतो. त्यामुळे पॅडल कडक झाले आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला, तर पट्टा तुटला किंवा सैल झाला असे धरून चालावे. पट्टा ठीक असेल तर बूस्टरकडील नळीचे टोक सोडून, इंजिन चालू ठेवून त्यावर अंगठा धरावा. तो जोरात ओढला गेला पाहिजे. (खांद्यावरचा टॉवेल आधी काढून ठेवावा.) अंगठा ओढला जातो, झडपही चांगली आहे, तरी पॅडल कडकच, तर बूस्टर गेला समजावे. तो उघडून जोडकाम करून घेण्यापेक्षा बदलणे बरे.

२००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी या तालुक्याला आणखी एक कारण दाखविले आहे. बूस्टर बाहेरची हवा पॅडलच्या बाजूने, केबिनमधून घेतो. केबिनमध्ये पाणी तेथपर्यंत चढले असेल तर गाळ बूस्टरच्या आत जातो. गाडी धुऊन, वाळवून सुरू होते आणि आतील गंजाचा त्रास पुढे कधीतरी जाणवतो. जुनी गाडी घेताना ही चौकशी जरूर करावी.

वरील तपासणीत बूस्टर निर्दोष ठरला तरच चाकांकडे वळावे. गंजाने अडकलेला पिस्टन किंवा चकाकी आलेले लायनर तेथे सापडतील. टाकीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतले असेल तर रबरी सील फुगून सर्वच जाम होते.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय मात्र घातक आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते. चौथ्या वळणावर पॅडल कडक होते आणि मागे दीड टन माल असतो. वाचलेले डिझेल किती, तर फारच थोडे. चालत्या गाडीत असे झालेच तर ब्रेक गेला असे समजून पाय काढू नये. ब्रेक गेलेला नसतो, फक्त मदत गेलेली असते. दोन्ही पायांनी सर्व जोर लावून पॅडल दाबून धरावे, पुन्हा पुन्हा सोडू नये. खालचा गिअर टाकावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या बाजूस गाडी थांबवावी. दुरुस्तीनंतर वर सांगितलेली तपासणी स्वतः करूनच माल भरावा.