जी राहते, तिला शिकवा

शाळांना सुट्टी लागायच्या आधी मेलबर्नमधल्या आमच्या मंडळीत मिशन ट्रिपची लगबग सुरू होते. उपासनेनंतर आवारात सॉसेज भाजून विकायचे, पदरचे पैसे घालून विमानभाडं उभं करायचं, लशी टोचून घ्यायच्या. निघण्याआधीच्या रविवारी पास्टर सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. जगभरातल्या चर्चेसमधून तरुण असे आठवड्या-दोन आठवड्यांच्या सेवेसाठी परदेशी जातात, आणि त्यातले अनेकजण अनाथाश्रमात जातात. मी मूळची नगरची, लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. आमचा गट कंबोडियात, नॉम पेन्हबाहेरच्या अपंग मुलांच्या एका आश्रमात जातो.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियात सुमारे सतरा लाख माणसं मेली. मुलं खरोखरच पोरकी झाली. नव्वदच्या दशकात देश खुला झाला, तशा मिशन संस्था आल्या. पण शांतता नांदू लागल्यावरही, २००५ ते २०१० या काळात, तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. सरकार आणि युनिसेफ यांच्या पाहणीत आढळलं की, आश्रमांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शाळा आणि दोन वेळचं जेवण मिळेल या आशेनं गरीब आईबाप मुलं सोपवत होते. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून काही ठिकाणी मुलं मुद्दाम गोळा केली जात होती. पुढे ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्तानं अशी तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार असल्याचं मान्य केलं.

आमच्या मंडळीनं हे गांभीर्यानं घेतलं. आमचा गट मुलांना कडेवर घेऊन फिरत नाही, त्यांचे फोटो काढत नाही. लहान मुलाला रोज तेच हात, तोच आवाज लागतो. आठवडाभर लळा लावून निघून जाणारी माणसं त्याला पुन्हा पुन्हा विरहच देतात. म्हणून आम्ही काम करतो ते सांभाळणाऱ्या बायकांबरोबर. मुलं त्यांना ‘मिंग’ म्हणतात, म्हणजे मावशी.

एका दुपारी सेरेब्रल पाल्सी असलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला मिंग तांदळाची पेज भरवत होती. मुलगी मांडीवर आडवी, मान मागे कललेली, चमचा वरून येणारा. दर दोन घासांना ठसका. असं आडवं भरवलं की पेज श्वासनलिकेत उतरते, फुफ्फुसात संसर्ग होतो. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेली बरीच मुलं श्वसनाच्या आजारानंच दगावतात. मिंगचा यात काय दोष? तिला एकटीला इतक्या पोरांना भरवायचं होतं, आणि हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मुलीला बसतं केलं. कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलं टेकलेली, हनुवटी किंचित खाली. मिंगच्या खांद्यावरचा चौकड्यांचा क्रमा, म्हणजे पंचा, गुंडाळून तिच्या कुशीला आधार दिला. पेज जरा घट्ट केली. चमचा समोरून, ओठांच्या खालून न्यायचा आणि गळ्याची हालचाल बघून, गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास द्यायचा. मिंगनं सगळं स्वतः केलं, मी नुसती शेजारी बसले. वाडगा संपला. संध्याकाळी तीच दुसऱ्या मिंगला गळ्याकडे बोट दाखवून समजावत होती. आमच्यातल्या सुतारानं तिथल्याच कामगारांना बरोबर घेऊन जुन्या पुठ्ठ्यांचे थर खळीनं चिकटवले आणि त्या मुलीच्या मापाची खुर्ची केली. ती मोडली तरी दुसरी आता तिथेच बनेल.

मंडळीचं अर्पण एका स्थानिक समाजसेविकेच्या पगाराला जातं. ती मुलांची घरं शोधते, आईबापांना भेटते, गावात उपचार मिळतील का ते बघते. याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा समाचार घ्यायला एकत्रच सांगितलं आहे. आईला हात दिला तर मूल पोरकं होतच नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला विधवा आणि दुष्काळात सापडलेल्या मुली यांना एकाच आवारात आसरा दिला, आणि १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या तिथेच राहिल्या. आठवड्यासाठी जाणाऱ्यांनी अशा राहणाऱ्यांच्या हाताखाली काम करावं.

महाराष्ट्रातही वाढदिवसाला अनाथाश्रमात केक कापायची, पंगत घालायची पद्धत आहे. त्यामागची माया खरी असते. ती मुलांच्या कामी यावी म्हणून जाण्याआधी संचालकांना विचारा: मुलांना त्यांचे आईवडील, नातेवाईक भेटतात का? सांभाळणाऱ्या मावश्या टिकतात का, त्यांना पुरेसा पगार आणि प्रशिक्षण मिळतं का? एखादं मूल घरी परत पाठवायचं तर काय खर्च येईल? त्यांनी नीट उत्तरं दिली, तर केकचे पैसे त्या खर्चासाठी द्या. उत्तरं टाळली, तर तिथे जाऊ नका.