धारेचे पाणी

जपानी सुरीचे कौतुक सध्या सगळीकडे ऐकू येते आणि ते खोटे नाही. ओसाकाजवळच्या साकाई शहरात मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी भट्टीत तापवून ठोकून जोडतात आणि माशाचा पारदर्शक काप काढणारे पाते घडवतात. मात्र ते कौतुक करताना आपल्या विळ्या-कोयत्याला 'गावठी' ठरवले जाते, तिथे माझी हरकत आहे. धुळे-जळगावकडच्या आठवडे बाजाराच्या कडेला पाल ठोकून, भाता लावून बसणारा घिसाडी आणि त्याच्यासमोर उभी राहून घण मारणारी त्याची बायको जे पाते घडवतात, त्यात तेच धातुविज्ञान आहे. फरक आहे तो पात्याने काय कापायचे याचा.

या विज्ञानाला आपल्या भाषेत जुने नाव आहे : पाणी देणे. पोलाद म्हणजे थोडा कार्बन मुरलेले लोखंड. ते साडेसातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला तिच्यात शिरायला जागा मिळते. सावकाश निवू दिले तर कार्बन वेगळा होतो, पोलाद मऊ राहते. लालबुंद पाते एकदम पाण्यात बुडवले तर कार्बनला निसटायला अवधीच मिळत नाही. मांडणी ताणली जाते आणि पाते काचेसारखे कडक होते, काचेसारखेच ठिसूळही. म्हणून लोहार बहुधा धारेकडचीच बाजू बुडवतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकू लागते, तसा पात्यावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. ही ऑक्साइडच्या अतिपातळ थराची किमया : पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. हवा तो रंग धारेला पोचला की पाते पुन्हा पाण्यात. कडकपणा थोडा उतरतो, चिवटपणा येतो. कोणी म्हणेल, हा नजरेचा अंदाज, यात मोजमाप कुठे? पण तापल्या धातूची लाली तापमानावरच ठरते आणि सरावलेली नजर ती वाचते. भट्टीवर सावली हवी असते ती याचसाठी. भर उन्हात लाली फिकी वाटते आणि पाते जास्त तापून बिघडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विज्ञान एकच, तर जपानी सुरीची धार जास्त का टिकते? त्या पोलादात कार्बन बहुधा एक टक्क्याच्या वर असतो. घिसाडी वापरतो तो भंगारातला ट्रकचा पाटा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त. कडकपणात जपानी पाते सरस, हे मान्यच आहे. पण तीच सुरी वाळलेल्या पऱ्हाटीवर मारली तर धारेचे टवके उडतील. पाटा मुळातच रस्त्याचे हादरे सोसण्यासाठी बनलेला, म्हणून त्याचा कोयता घाव सोसतो. रावेर-यावलच्या बागेत केळीचा घड उतरवणाऱ्याला बोथट धार दगडावर पाजवून घेता येते, तुटलेले पाते सांधता येत नाही. राहिला गंज. केळीच्या चिकातले टॅनिन लोखंडावर काळे डाग पाडते हे खरे, पण कार्बन पोलादाची जपानी सुरीही अशीच काळवंडते आणि तिलाही पुसून कोरडे ठेवावेच लागते.

खरी उणीव वेगळीच आहे. साकाईच्या लोहाराला ठरावीक घटकांचे पोलाद कारखान्यातून मिळते; आपल्या लोहाराच्या हाती आलेला पाटा कोणत्या मिश्रधातूचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि पाट्यांची पुष्कळशी पोलादे तेलात निववण्यासाठी असतात. पाण्यात ती तडकू शकतात, कधी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही पडतात. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत कडकपणा मोजायची यंत्रे असतात. जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांनी बाजारातले विळे-कोयते विकत घेऊन तपासावेत, आणि कोणत्या पाट्याला पाणी द्यावे, कोणत्याला तेल, हे पालावर जाऊन लोहारांना सांगावे.