गाडीची नाडीपरीक्षा

मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनावर लिहावे हा अव्यापारेषु व्यापारच! पण उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडात ताईकडे, अॅबिंग्डनला, राहिलो आणि भाऊजींच्या १९७० सालच्या एम.जी.बी. गाडीचे दुखणे जवळून पाहिले.

ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी त्याच गावी १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत असे. भाऊजींनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. वीस मिनिटे झकास धावायची, मग उचकी लागल्यासारखी अडखळायची. गार झाली की पुन्हा ताळ्यावर. "व्हॉल्व्ह जळलाय, इंजिन उतरवावे लागेल," असे एका मेकॅनिकने सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून ताई म्हणाली, "विकून टाका." गिऱ्हाईक रविवारी यायचे होते. दोन दिवस भाऊजी धड जेवले नाहीत.

शुक्रवारी म्हणाले, "मास्तर, चला जरा हाताशी."

गाडी तापवून आणली. अडखळू लागताच रबरी मुठीच्या पक्कडीने त्यांनी चारही प्लगांच्या वायरी एकेक करून क्षणभर काढून पाहिल्या. जो सिलिंडर आधीच बंद असेल त्याची वायर काढून आवाजात फरक पडत नाही. इथे चारही वेळा इंजिन सारखेच खचले. "व्हॉल्व्ह जळला असता तर एकच सिलिंडर रुसला असता, तोही गाडी गार असतानासुद्धा. हे दुखणे चौघांचे सामाईक आहे."

मग दोष पेट्रोलचा की ठिणगीचा? इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा अडखळताना थयथय नाचत होता. या गाडीत तो कॉइलच्या प्रवाहावर चालतो. म्हणजे रोग विजेचाच!

डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढले. पॉइंटांमधली फट पंधरा सहस्रांश इंच, अगदी बरोबर. गॅरेजचे दार ओढून अंधार केला, ताईला किल्ली फिरवायला बसवले. पॉइंट उघडताना त्यांच्यातच निळ्या ठिणग्यांची आतषबाजी! तिथे ठिणगी न उडता प्रवाह झटक्यात तुटावा, म्हणजे कॉइलमधून प्लगला जोरदार ठिणगी मिळते. त्यासाठी अंगठ्याएवढा कंडेन्सर असतो. तो तापला की अंग काढून घेत होता.

"अहो, पण तो तर मागच्याच महिन्यात नवा घातलात!" ताई म्हणाली.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. नवा म्हणूनच त्याच्यावर संशय गेला नव्हता. मला आमच्या पोथ्या आठवल्या. पाठ तपासताना कुणा नकलकाराने 'शुद्ध' केलेली ओळच कित्येकदा बिघडलेली निघते.

जुना कंडेन्सर सुदैवाने खणात होता. तो बसवून ऑक्सफर्डपर्यंत गेलो, आलो. पाऊण तासात एकही उचकी नाही. भाऊजी वाटभर शीळ घालत होते.

ताई दारातच उभी होती. तिने काही विचारले नाही. आत जाऊन फोन उचलला आणि रविवारच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवले.