तालुक्याचा शल्यचिकित्सक

हाड मोडले तर एका तज्ज्ञाकडे, मुतखडा झाला तर दुसऱ्याकडे आणि बाळंतीण अडली तर तिसऱ्याकडे जावयाचे, हा शहरातला शिरस्ता तालुक्याच्या गावी चालत नाही. तेथे शल्यकर्म करावयास बसलेल्या डॉक्टरपुढे सकाळी हर्नियाचा शेतकरी, दुपारी अडलेली बाळंतीण आणि मध्यरात्री मोटारसायकलवरून पडून मांडी मोडलेला तरुण असे रुग्ण एकामागून एक येतात. आणि जिल्ह्याचे इस्पितळ दूर, रस्ता वाईट व नातेवाइकांच्या खिशात गाडीभाड्यापुरतेही पैसे नसताना, हे आपले काम नाही असे म्हणण्याची मुभा त्याला राहत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली जगातील शल्यसेवेचा ताळेबंद मांडला, तेव्हा पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया, सिझेरियन आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार ही तीन कामे दोन तासांच्या अंतरात उपलब्ध असावीत, अशी कसोटी त्याने सुचविली. आपल्याकडे या कसोटीस उतरावयाचे ते सामुदायिक आरोग्य केंद्राने, म्हणजे सपाट प्रदेशात सुमारे एक लाख वीस हजार वस्तीमागे असावयाच्या तीस खाटांच्या रुग्णालयाने. परंतु केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे मार्च २०२२ अखेर देशाच्या ग्रामीण भागातील या केंद्रांत गरजेच्या मानाने शल्यचिकित्सकांची तूट ८३ टक्के होती.

या तुटीचे खापर तरुण डॉक्टरांच्या अर्थलोभावर फोडणे सोपे आहे. मुलांचे शिक्षण आणि मिळकत यांचा विचार तेही करतातच. तथापि ज्या शल्यचिकित्सकाच्या नेमणुकीबरोबर भूलतज्ज्ञाची नेमणूक झालेली नाही, किंवा झाली असून सहा महिन्यांत त्याची बदली झाली, तो दप्तरी हजर असला तरी निकामीच असतो. हात चालेनासा झाला की कसब बोथटते, आणि मग राजीनाम्याचा अर्ज फार दूर राहत नाही. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत जीवरक्षक भुलीचे शिक्षण देण्याची सरकारी योजना शहाणपणाची खरी. पण असा डॉक्टर शस्त्रक्रिया होते त्याच रुग्णालयात नेमला गेला, तरच तिचे चीज होईल.

रक्ताची अडचण याहून बिकट. व्यावसायिक रक्तदात्यांवर १९९८ पासून बंदी आली व रक्तपेढ्यांचे नियम कडक झाले, हे रुग्णांच्या हिताचेच झाले. मात्र त्यामुळे नातेवाइकाचे रक्त तपासून, जुळवून तेथल्या तेथे देण्याची खेड्यांतली जुनी रीत बेकायदेशीर ठरली. रक्तसाठा केंद्रांची तजवीज पुढे झाली, तरी जेथे ती पोहोचली नाही तेथे रक्तस्राव होणारी बाळंतीण आणि कायदा या दोहोंमध्ये डॉक्टर एकटा उभा असतो.

या एकाकीपणातूनच १९९२ साली ग्रामीण शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना निघाली. अभाव कल्पकतेस कसा चेतवतो, याचे उत्तम उदाहरण धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियासाठी लागणारी तयार जाळी गरिबाला परवडत नाही हे पाहून त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले, आणि अनेक ठिकाणच्या सहकाऱ्यांसह घेतलेला अनुभव २००३ साली प्रसिद्ध केला. पुढे पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर दोहोंच्या गुणात लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१६ साली जाहीर झाले.

अशा माणसांचे सत्कार आपण हौसेने करतो. परंतु त्यागावर विसंबून राज्याची आरोग्यव्यवस्था चालत नसते. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिका यांची नेमणूक व बदली एकत्रच व्हावी, पदव्युत्तर शिक्षणाची काही मुदत ग्रामीण रुग्णालयात जावी, आणि रक्तसाठ्यावाचून एकही शस्त्रक्रियागृह नसावे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ही तीन पदे भरलेली आहेत काय, एवढा प्रश्न वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावा. आणि उत्तर मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारावा.