ध्रुवीय समुद्रातली तेलाची बेगमी

उत्तर ध्रुवाभोवतालच्या समुद्रात वर्षभराचे अन्न जेमतेम काही आठवड्यांत पिकते. वसंतात ऊन परतले की डायॅटमसारखी सूक्ष्म शैवाले झपाट्याने वाढतात आणि लवकरच ओसरतात. मग लांबलचक उपास. कॅलॅनस हे तांदळाच्या दाण्याएवढे प्राणिप्लवक याच पाण्यात अफाट संख्येने जगतात, ते अंगातल्या तेलाच्या बळावर.

तेल कसे साठते

शैवालांवर ताव मारताना कॅलॅनस त्यातल्या मेदाचे रूपांतर वॅक्स एस्टर नावाच्या मेणासारख्या तेलात करतो. पारदर्शक शरीरातली लांबट तेलपिशवी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. हिवाळ्याच्या तोंडावर कोरड्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचाच असू शकतो.

खोल पाण्यातला हिवाळा

अंड्यातून निघालेले पिल्लू सहा नॉप्लियस आणि पाच कोपेपोडाइट अवस्था ओलांडून प्रौढ होते. कॅलॅनस फिनमार्किकस बहुधा पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत शेकडो मीटर खाली उतरतो आणि सुप्तावस्थेत जातो. तिथे भक्षक कमी असतात. थंडीमुळे शरीराचा खर्चही घटतो. दाब आणि थंडी वाढताना हे तेल समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त आकसते. त्यामुळे त्याचा वर उचलणारा जोर कमी होतो आणि फारसे न पोहता खोल राहता येते.

तीन जाती, तीन रीती

फिनमार्किकसची मादी अंड्यांसाठी मुख्यतः वसंतातल्या ताज्या अन्नावर विसंबते. आर्क्टिकच्या उथळ समुद्रातली ग्लेशियालिस साठवलेले तेलही वापरते आणि बर्फाच्या तळाशी वाढणारे शैवालही खाते. त्यामुळे खुल्या पाण्यात शैवाले बहरतात, तेव्हा तिची पिल्ले ती खाण्याइतकी मोठी झालेली असतात. सर्वांत मोठी हायपरबोरियस भर हिवाळ्यात, खोल पाण्यात, केवळ साठ्यावर अंडी घालते. मेदाने भरलेली ही अंडी तरंगत वर येतात.

या तेलावर कोण जगते

हेरिंग मासे, स्वालबार्डच्या कड्यांवर घरटी करणारे लिटल ऑक पक्षी आणि बोहेड देवमासे यांचे पोट कॅलॅनसवर भरते. शिवाय खोल पाण्यात हिवाळा काढताना तेल जळते, तेव्हा त्यातला कार्बन तिथेच सुटतो आणि वातावरणापासून दीर्घकाळ दूर राहतो.

समुद्र तापला तर

पाणी तापते तसा दक्षिणेकडचा, आकाराने लहान फिनमार्किकस उत्तरेकडे सरकतो. त्याच्या एकेका जीवात तेल बरेच कमी असते. बर्फ लवकर वितळले, तर ग्लेशियालिसची अंडी घालण्याची वेळ आणि शैवालांच्या बहराची वेळ यांची फारकत होऊ शकते. म्हणून या समुद्राची प्रकृती तपासताना प्लवकांची नुसती संख्या मोजून भागणार नाही. जात कोणती, अंगात तेल किती आणि अंडी कधी घातली, या तिन्ही नोंदी दरवर्षी ठेवायला हव्यात.