कीबोर्ड रुसला, डेडलाइन हुकली!

गुरुवारची दुपार. धरमपेठेतला कॅफे, समोर कोल्ड कॉफी, स्टँडवर मोबाइल आणि पुढ्यात नवाकोरा ब्लूटूथ कीबोर्ड. लॅपटॉपचं ओझं घरी ठेवायचं आणि मस्त हिंडत काम करायचं, हा माझा फंडा! चारला कॉपी पाठवायची होती. साडेतीनला कीबोर्डने संप पुकारला. मग काय, उरलेले सातशे शब्द अंगठ्याने बडवले. कॉपी पोचली पावणेसहाला. तोवर पान गेलं होतं, आणि त्यासोबत माझं मानधनही.

तणतणत सीताबर्डी गाठली. दुकानातल्या दादाने एक बटण दाबलं आणि झालं! "ताई, कीबोर्ड ठणठणीत आहे. तो तुमच्या लॅपटॉपला शोधून राहिला ना!"

दोन-तीन डिव्हाइसना जोडता येणाऱ्या कीबोर्डवर प्रत्येकासाठी वेगळं बटण असतं. मोबाइल दोन नंबरवर होता, माझं बोट पडलं एकवर. बिचारा कीबोर्ड घरच्या लॅपटॉपला हाका मारत बसला!

तेव्हा राजेहो, कीबोर्ड आपटण्याआधी हे बटण बघा. चार्जिंगही बघा. तरी जमेना? मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतून कीबोर्डचं नाव काढून टाका आणि नव्याने पेअर करा. बहुतेक भांडणं इथेच मिटतात. स्क्रीनवर कोड आला तर तो कीबोर्डवरच टाइप करून एंटर मारायचा. आमच्या ग्रुपमधले अर्धे लोक एंटर विसरतात आणि कंपनीला शिव्या घालतात!

अक्षरं गळतायत किंवा दोनदा उमटतायत? ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि बरंचसं वाय-फायही तिथेच. आयटी पार्कमधल्या भरगच्च ऑफिसात तर ही गर्दी विचारूच नका. मोबाइल जवळ घ्या, जमल्यास वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. आणि थोडा वेळ हात थांबला की बरेच कीबोर्ड बॅटरी वाचवायला डुलकी काढतात. पहिलं अक्षर गिळलं गेलं, तर तो बिघाड नव्हे.

मराठीची तऱ्हा वेगळी. कीबोर्ड जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो आणि सोबत आपलं मराठीही! अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरचा कीबोर्ड पुन्हा दिसू द्या, की काम भागतं.

मी मात्र दोन नंबरच्या बटणावर नेलपेंटचा लालभडक ठिपका लावून टाकलाय.