चॉसर : आधी ऐकावा, पाहावा, मग वाचावा

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात चॉसरचे नाव आले की आपल्या विद्यार्थ्यांच्या छातीत धडकी भरते. सुमारे १३८७ ते १४०० या काळात रचलेले त्याचे 'कँटरबरी टेल्स' आजच्या इंग्रजांनाही शब्दार्थ पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. मग ज्यांच्या घरी इंग्रजीचा गंधही नव्हता अशी मुले गाइड पाठ करतात, यात नवल ते काय? त्याने गुण मिळतात, पण साहित्य हाती लागत नाही. येथे आधुनिक माध्यमे उपयोगी पडतात, असे आम्हांला वाटते.

पहिली पायरी ऐकण्याची. आज मुकी झालेली बरीच इंग्रजी अक्षरे त्या काळी उच्चारली जात. सरदार या अर्थाचा 'नाइट' हा शब्द तेव्हा 'क्निख्त' असा काहीसा ऐकू येई. 'नेम' तर आपल्या 'नाम'च्या जवळचा होता. लिहिले तसे वाचणाऱ्या मराठी मुलाला हे सोपे जाते. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२० साली या काव्याच्या प्रस्तावनेचे मोबाइल ॲप निघाले. त्यात जुन्या उच्चारांतील वाचन ऐकता येते.

दुसरी पायरी पाहण्याची. 'पार्डनर्स टेल'मध्ये तिघे उनाड मित्र मृत्यूलाच ठार करायला निघतात आणि त्यांना झाडाखाली सोने सापडते. धाकटा खाणेपिणे आणायला जातो व दारूत विष कालवतो. परतताच दोघे त्याला मारतात आणि तीच दारू पिऊन स्वतःही मरतात. 'हॅरी पॉटर'मधील तीन भावांची गोष्ट या कथेवरून सुचल्याचे लेखिका रोलिंग यांनी सांगितले आहे. २०१०च्या चित्रपटातील तेवढाच भाग वर्गात दाखवावा आणि विचारावे : रोलिंगचा धाकटा भाऊ वाचतो, चॉसरचा का वाचत नाही? उत्तरासाठी मूळ ओळी उघडाव्याच लागतात. हीच तिसरी पायरी.

आता गंमत पाहा. पाली वाङ्मयातील वेदब्भ जातकात धनासाठी हजार चोर आपसांत लढून अखेर दोघेच उरतात. एक भात आणायला जातो व त्यात विष मिसळतो. दुसरा तलवारीने त्याला मारतो आणि तोच भात खाऊन मरतो. चॉसरच्या कथेचे सर्वांत जुने ज्ञात रूप म्हणून अभ्यासक या जातकाचा उल्लेख करतात.

तेव्हा विद्यार्थीमित्रांनो, चित्रपट पाहून थांबू नका. रोज वीस ओळी मोठ्याने वाचा. ज्या कथेचे मूळ आपल्या मातीत आहे, तिला परकी समजून घाबरायचे कारण नाही.